सोनं झिजलंच नाही

आधीच सांगते. मला कुणाला घाबरवायचं नाही. 'ताई, काळजी घे' हेही ऐकायचं नाही. जे माझ्यासमोर झालं ते लिहितेय. खोटं वाटलं तर वाटू द्या, मी पटवायला बसलेली नाही.

आणि यात अमावस्येची रात्र शोधू नका.

मे महिन्यातली भर दुपार होती. रांजणगाव एमआयडीसीच्या मागच्या अंगाला एक पत्र्याचं शेड. बाहेर कंपनीच्या बसेस, टेम्पो, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. माणसंच माणसं.

अशा ठिकाणी हे झालं.

मी स्वप्नाली. दौंड तालुक्यातली. आमच्या आप्पांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलं आणि मला एम.एस्सी. फिजिक्स केलं. तेव्हा मी सुदर्शन सरांच्या छोट्या युनिटमध्ये लेझर चालवायचे. टेस्टिंगला करिश्मा. शिक्रापूरला आम्ही दोघी एकाच खोलीत भाड्यानं राहायचो.

आमचं काम थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

काचेच्या बीकरमध्ये एकदम शुद्ध पाणी घ्यायचं. तळाला सोन्याची चकती, शर्टाच्या बटणाएवढी. वरून लेझर सोडायचा. तो डोळ्याला दिसत नाही. चकतीवर पडला की पाण्यात बारीक ठिणगी उडते आणि आवाज येतो.

टिक टिक टिक टिक...

दर ठिणगीला सोन्याची धूळ सुटते. इतकी बारीक, की तिला धूळ म्हणणंही जास्तच होतं. पाणी आधी गुलाबी होतं, मग डाळिंबाच्या रसासारखं लाल. सोनं तेवढं बारीक झालं की पिवळं राहत नाही.

घरी प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी असते ना? तिच्यावर लाल रेघ उमटते, ती याच सोन्याची. एक रेघ म्हणजे पट्टी चालू आहे. दोन म्हणजे दिवस गेलेत. आम्ही अशा पट्ट्या बनवणाऱ्या एका कंपनीला हे लाल पाणी पुरवायचो.

तर, जुनी चकती झिजून कागदासारखी झाली होती. सरांनी नवी आणली.

"कुठनं आणली, सर?" मी विचारलं.

"सोनाराकडनं. मोडीचं सोनं आटवून दिलंय. एकदम शुद्ध. तू चालव."

मी चालवली. पहिल्या दिवशी काहीच वेगळं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली.

लेझर बंद पडला. त्याला थंड ठेवणारं मशीन घरघरत असतं, तेही बंद. पंखा थांबला. शेडमध्ये अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी चष्मा काढला, कपाळ पुसलं.

आणि ऐकलं...

टिक.

मला वाटलं पत्रा तापलाय.

टिक... टिक...

आवाज बीकरमधून येत होता.

लेझरची चावी मी बंद करून खिशात टाकलेली. मशीनवर एक दिवा लागलेला नव्हता. मी वाकून पाण्यात बघितलं. ठिणगी दिसत नव्हती. चकती तळाला गप पडलेली.

टिक.

पाणी माझ्या डोळ्यांदेखत गुलाबी झालं.

मी पळाले नाही. हे मुद्दाम सांगते. मी स्टूल ओढलं आणि समोर बसून राहिले. म्हटलं, बघूच काय आहे ते.

लाईट आली आणि आवाज थांबला.

संध्याकाळी चकती पुसून काट्यावर ठेवली. आमच्याकडं वजनाचा असा काटा आहे की बोटाचा ठसा उमटला तरी आकडा हलतो. चकती काही दिवसांत थोडी तरी झिजते. झिजायलाच हवी. लाल पाण्यातलं सोनं तिच्यातूनच गेलेलं असतं.

आकडा होता तोच होता.

काटा बिघडला असेल म्हणून दुसरं वजन ठेवून बघितलं. काटा बरोबर.

मग पाण्यातलं सोनं कुठून आलं?

शनिवारी मी बीकर धुतला, स्वच्छ पाणी भरलं, चकती आत सोडली. लेझर लावलाच नाही. खोलीला कुलूप घातलं. रविवार सुट्टी.

सोमवारी सकाळी कुलूप मीच उघडलं...

बीकर काठोकाठ लाल होता.

मी सरांना बोलावलं. त्यांनी बीकर बघितला, काट्यावरचा आकडा बघितला. मला वाटलं घाबरतील.

ते हसले.

"म्हंजी सोनं झिजत न्हाई? अगं, असली चकती मिळायला नशीब लागतं!"

"सर, असं होऊच शकत नाही."

"झालंय ना? मग होतंय. तू फिजिक्स शिकवू नको मला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेझरला हळदीकुंकू लावलं, दारात लिंबू-मिरची बांधली आणि माल वाढवायला सांगितला.

पण करिश्माच्या टेबलावर वेगळंच चाललं होतं.

ती आमच्या लाल पाण्यात कंपनीचं औषध मिसळून नमुन्याच्या पट्ट्या बनवायची. माल पाठवायच्या आधी बघायला. साध्या पाण्यात बुडवली तर एकच रेघ यायला हवी.

"सपे, जरा इकडं ये," ती म्हणाली. तिनं एक पट्टी माझ्यापुढं सरकवली.

साधं पाणी. दोन रेघा.

तिनं दुसरी पट्टी घेतली. दोन रेघा. बाटलीबंद पाणी आणलं. दोन. चहा ओतला त्यात. दोन. मी जुन्या चकतीच्या मालाची पट्टी बुडवली, तिच्यावर एकच रेघ आली. म्हणजे औषध ठीक, पाणी ठीक, पट्टी ठीक.

मग करिश्मानं नव्या मालाची एक कोरी पट्टी नुसती टेबलावर ठेवली. कशात बुडवली नाही. थेंबसुद्धा नाही.

आम्ही दोघी बघत होतो.

एक रेघ...

आणि थांबून, हळूच, दुसरी.

पट्टी कोरडी होती.

करिश्मा रडायला लागली. मला मात्र राग आला. खरं सांगते, भीतीच्या आधी राग आला. या पट्ट्या बाहेर गेल्या तर काय होईल ते मला दिसत होतं. कुठल्या घरात कुणी वाट बघत असेल, कुठल्या घरात कुणी नको म्हणत असेल. सगळ्यांना दोन रेघा. खोट्या.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"हा माल जाणार नाही, सर."

"तिकडं परत टेस्टिंग होतं. त्यांचं ते बघतील."

"आणि नाही झालं तर?"

"स्वप्नाली, तुला पगार लेझर चालवायचा मिळतो. टेम्पो उद्या येणार म्हंजी येणार."

मी परत आले. डब्यातलं मीठ घेतलं. या लाल पाण्यात चिमूटभर मीठ पडलं की ते निळं-करडं पडतं आणि सगळं सोनं तळाला बसतं, माल बाद होतो. मी चिमूट नाही, मूठभर टाकलं. ढवळलं.

लाल ते लालच राहिलं.

पाण्याच्या वर एक बुडबुडा आला, फुटला. जणू कुणी सुस्कारा सोडला.

मी तिथंच उभी राहून कंपनीला फोन लावला. "आमचा माल घेऊ नका. दोष आहे. मी स्वतः तपासलाय."

सरांनी दारातून ऐकलं.

मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त माझ्याकडून लेझरची चावी घेतली. "भूत हाय का त्यात? थांब, मी बघतो तुझं भूत." चष्मा लावून ते लेझरच्या खोलीत गेले आणि आतून दार लावलं.

मशीन चालू झाल्याचं कळलं. टिक टिक टिक...

मग टिकटिक थांबली.

मशीनची घरघर चालू होती. दारावरचा लाल दिवा चालू होता. म्हणजे लेझर चालूच होता. पण चकतीवर काही पडत नव्हतं. मधे कुणीतरी उभं राहावं आणि उजेड अडवावा, तसं.

"सर?" करिश्मानं दार वाजवलं.

मग दोन्ही हातांनी वाजवलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. सर बाहेर आले. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. कुणाकडं न बघता ते नळापाशी गेले आणि चूळ भरू लागले. परत. परत. तोंडात काहीतरी गेल्यासारखं.

आत काय झालं ते त्यांनी मला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो परत गेला. सरांनी चकती कागदात गुंडाळून माझ्यासमोर टाकली.

"घेऊन जा. जिथनं आली तिथं दे. आन् उद्यापासनं येऊ नकोस."

"कुठून आली ते तरी सांगा."

ते खाली बघत म्हणाले, "सोनार म्हनला, त्यात घाटावरचं बी हाय. दौंडच्या. राखेतलं."

मी कागद पुन्हा घट्ट गुंडाळला.

आपल्याकडं माणूस गेला की तोंडात सोन्याचा कण ठेवतात. सगळं जळतं, सोनं राखेत राहतं. राख नदीत सोडली की काठावर काही बायका परातीत ती राख धुतात, सोनं शोधतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम आहे.

मी घरी गेले. आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे बिडी विझवली.

"भीमेच्या काठाला मेंढरं घेऊन बसायचो तवापासनं वळखतो मी तिथल्या बायांना. अनसाबाई हाय एक. चल."

आम्ही सकाळीच गेलो. अनसाबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. सत्तरीची, काटक, कासोटा घातलेला. परात हलवताना ती पाण्याशी बोलल्यासारखी पुटपुटत होती.

मी चकती तिच्या तळहातावर ठेवली. सोनं आटवलेलं, आकार बदललेला. ती कशी ओळखेल असं मला वाटलं.

तिनं मूठ मिटली. डोळे मिटले.

"ह्यात नकुशीचं हाय," ती म्हणाली. "न्हाई इसरत मी. आजवर एकच मणी असा घावला जो राखंत ऊन ऊन व्हता. चौथ्या दिशी बी."

"कोण नकुशी, मावशी?"

"खालच्या अंगाच्या गावची सून. बागाईतदार घर. धुणं धुवाया यायची हितं. गुणी पोर. सासू वांझ वांझ म्हनून सगळ्या गावात वाजवायची. नवऱ्याचं दुसरं लगीन ठरवत व्हती." अनसाबाईनं परात खाली ठेवली. "एक दिस मला म्हनली, मावशी, मला दिवस गेल्यात. मी घरी सांगितलं तर सासू म्हनं, नाटकं करती, लगीन मोडाया बघती. कुणी इश्वास ठेवना."

"मग?"

"मग काय... आठ दिसात गेली. सासरचे म्हनले, पान लागलं. साप चावला. कुणी इचारलं न्हाई."

नदीवरून वारा आला. आप्पांनी टोपी सावरली.

"मंगळसूत्राचे मणी काढून घ्यायला गेले तवा एक मणी तिच्या दातात व्हता," अनसाबाई हळू बोलली. "कवा धरला कुणास ठावं. दातखिळी बसल्याली. सासूनं बोटं घातली, उलथनं घातलं. लई झटापट केली. दात सोडले न्हाईत पोरीनं. शेवटी तसंच जाळलं. सावडाया बी कोण आलं न्हाई. राख मी धुतली."

तेव्हा मला कळलं.

ती टिकटिक मी इतके दिवस लेझरची समजत होते. लाईट गेलेल्या दुपारी ऐकलेला तो आवाज... दातावर दात आपटल्याचा होता.

"मी चोरी न्हाई केली," अनसाबाई ताठ होऊन म्हणाली. "राख नदीची, राखंतलं माझं. पर हे नदीत सोड, पोरी. गप हुईल ती."

आप्पाही म्हणाले, "सोड. सुटंल बिचारी."

मी पाण्याकडं बघितलं. चकती हातात होती. नुसती हाताची मूठ उघडायची होती.

"गप होईल" हा शब्द मला टोचला. जिवंत होती तेव्हाही सगळ्यांना तेवढंच हवं होतं. ती गप व्हावी. लेझरनं फोडली तरी जी तुटली नाही, मिठानं मेली नाही, तिला मी चिखलात गाडू?

"नाही," मी म्हणाले. "तिला जे सांगायचंय ते नदीला सांगायचं नाहीये. आप्पा, त्या गावाला गाडी घ्या."

आप्पा गाडीकडं वळले. मग त्यांनी किक मारली.

गावाचं नाव लिहीत नाही. अनसाबाईनं सांगितलेलं घर रस्त्याला लागून होतं. वांग्याचे क्रेट रचलेले, अंगणात टोमॅटोची उपटलेली रोपं पडलेली. आप्पा म्हणाले, मी आत येतो. मी म्हटलं, तुम्ही गाडी चालू ठेवा.

सासू ओट्यावर लसूण सोलत बसली होती. वच्छलाबाई. ठसठशीत कुंकू, आवाजात हुकूम.

"कोण गं तू?"

"नकुशीकडून आलेय."

लसूण सोलणारा हात थांबला.

"मेलेल्या मानसाकडनं कोण येतंय?"

"तिचं सोनं आलंय." मी चकती ओट्यावर ठेवली. "प्यायला पाणी द्या."

आतून एक पोरसवदा बाई तांब्या घेऊन आली. दुसरी सून, सारिका. डोळ्यांखाली काळं, हातावर चटक्याचा डाग. मी तांब्या घेतला, पिशवीतून त्या नव्या मालाची एक पट्टी काढली आणि त्यांच्याच घरच्या पाण्यात बुडवली.

ती पट्टी कसली ते त्या घरात कुणाला सांगावं लागलं नाही. सारिकाचा चेहरा बघून कळलं, दर महिन्याला तिला हीच परीक्षा द्यावी लागत होती.

एक रेघ...

दोन.

"हे सारिकाचं नाही," मी म्हणाले. "हे साधं पाणी आहे. ही रेघ नकुशीच्या सोन्याची आहे. ती सांगतेय, तुम्ही ऐकलं नव्हतं म्हणून."

वच्छलाबाई उठल्या. लसणाचं सूप खाली उपडं झालं.

"खोटारडी! ती वांझ व्हती! आख्ख्या गावाला ठावं हाय, ती वां..."

टक्.

शब्द अर्धा राहिला. दातांवर दात बसले.

त्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला. गालाची हाडं वर आली, मानेच्या शिरा फुगल्या. डोळे माझ्यावर. तोंड काही उघडेना. सारिका धावली, चमच्याचा दांडा दातांत घालू लागली. चमचा वाकला.

खोटं कशाला बोलू, मी एकदा रस्त्याकडं बघितलं. आप्पांची गाडी बाहेर धडधडत होती. पळावं असं वाटलं.

पण मग वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच कुणी विचारणार नाही.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. डोळ्यांत डोळे घालून विचारलं.

"नकुशीला दिवस गेले होते का?"

त्यांचे ओठ हलले नाहीत. दात घट्ट मिटलेले होते. मी हातभर अंतरावर होते, मी बघितलंय.

आणि आतून आवाज आला...

"व्हय."

सारिकाच्या हातातला चमचा पडला. आवाज म्हाताऱ्या बाईचा नव्हता.

"घरात ठाऊक होतं का?"

"व्हय."

 मी तिसरा प्रश्न विचारला.

"तुला साप चावला होता का?"

अंगणातली कोंबडी ओरडायची थांबली. वाराही पडला. मी वाट बघितली. कितीतरी वेळ वाट बघितली.

उत्तर आलंच नाही.

वच्छलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते कुणाच्या डोळ्यांतलं होतं, मला सांगता येणार नाही.

मग जबडा सुटला. त्या ओट्यावर आडव्या झाल्या, पाणी पाणी करू लागल्या. मला काय झालं, मला काय झालं, एवढंच विचारत होत्या. त्यांना काही आठवत नव्हतं. निदान तसं त्या म्हणत होत्या.

मी चकती उचलायला वळले. ओट्यावर नव्हती.

सारिकाच्या मुठीत होती. ती माझ्याकडं बघत होती. मी हात पुढं केला नाही. तिनंही मूठ उघडली नाही.

तशीच निघाले.

नंतर मी पोलीस चौकीत गेले. अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी वाचला, वर बघितलं. "ताई, राखेचं पोस्टमॉर्टेम होत नाही. पुरावा काय?" मी म्हटलं, तिला दिवस गेले होते आणि घरात ठाऊक होतं, सासरच्यांना विचारा. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

काय सांगणार होते मी?

तरी अर्ज मागं घेतला नाही. पोच घेतली, घडी घालून पाकिटात ठेवली. असू दे तिथं पडलेला. कधीतरी कुणी उघडेल.

मला शिरूरला एका शाळेत काम मिळालं. करिश्मानंही सरांची नोकरी सोडली. गणपती जवळ आले. मी त्या घराचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं.

एका दुपारी दार वाजलं.

शिक्रापूरच्या आमच्या खोलीच्या दारात सारिका उभी होती. हातात एक पिशवी. पायात नवऱ्याच्या मापाची चप्पल. हातावर आता दोन डाग होते.

"ताई, आले मी," ती म्हणाली.

मी तिला आत घेतलं. करिश्मानं चहा टाकला. सारिका भिंतीला टेकून बसली आणि बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली, खूप लांबून पळत आल्यासारखी. तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. काळ्या दोऱ्यात ती चकती होती.

"बरं केलंस," मी म्हणाले. "पण पत्ता कुणी दिला तुला? मी तर त्या घरात नावसुद्धा सांगितलं नव्हतं."

तिनं चमकून वर बघितलं.

"तुम्हीच की, ताई."

"मी?"

"काल दुपारी फोन नाही का केला? त्ये रानात गेले व्हते, सासू झोपल्याली. तुम्ही म्हनलात, आज नको, उद्या निघ. हायवेच्या अलीकडं उतर. निळ्या टाकीचं घर. वर ये."

करिश्मानं गॅस बंद केला.

"दाखव फोन," मी म्हणाले.

तिनं दाखवला. माझाच नंबर. कालची दुपार.

काल दुपारी माझा फोन चौकातल्या दुकानात दुरुस्तीला होता. काच फुटली होती म्हणून आदल्या संध्याकाळी टाकलेला. मी करिश्मासोबत जाऊन तो काल रात्री परत आणला. दिवसभर दुकानदारानं तो उघडून ठेवला होता, बॅटरी वेगळी, सिम आमच्या घरात डबीत.

मी विचारलं, "आवाज माझाच होता?"

सारिकानं जरा विचार केला.

"तुमचाच. फक्त... तोंड न उघडता बोलल्यासारखा."

त्या रात्री आम्ही तिघी दिवा लावून झोपलो. सांगायला लाज कशाची?

सारिकाचा नवरा दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, वर ये, तिला ने, हिंमत असेल तर. तो जिन्याच्या अर्ध्यापर्यंत आला. माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी बघितलं. माझ्या मागं कुणी नव्हतं. सारिका कामाला गेली होती, करिश्माही. तो तसाच उलट्या पावली उतरला.

त्यानं काय बघितलं ते मी वळून बघितलं नाही.

सारिका आता रांजणगावात एका कंपनीत पॅकिंगला जाते. जेवते, हसते. रात्री दचकून उठायची, तेही कमी झालंय.

सगळे मला सांगतात, नंबर बदल. आप्पा सांगतात, करिश्मा सांगते. अनसाबाईनंही निरोप पाठवला, नंबर बदल म्हनावं पोरीला.

फोन वाजला की आजही मी लगेच उचलत नाही. उचलायच्या आधी मी स्क्रीनवरचं नाव दोनदा वाचते. आणि महिन्याच्या बिलात कधी कधी असे कॉल दिसतात, दौंडकडचे, बारामतीकडचे, पार करमाळ्याकडचे, जे मी केलेले नाहीत. सगळे दुपारचे. मी त्या नंबरांवर परत फोन करून बघितलेला नाही.

पण नंबर बदललेला नाही.

नकुशीला अजून कुणाला बोलवायचं असेल तर बोलवू दे. माझ्या नावानं बोलवू दे. खोलीत अजून एका अंथरुणाची जागा आहे.